झाकणभर पाणी
पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण हातात आलं की मला जालन्याच्या दवाखान्यातला तो मे महिना आठवतो. माझ्या मित्राच्या फुफ्फुसाभोवती पाणी साठायचं. दम लागला की मी त्याला केदारखेड्याहून मोटारसायकलवर न्यायचो, डॉक्टर पाठीत सुई घालून लिटरभर पिवळं पाणी काढायचे, आणि पंधरा दिवसांत ते पुन्हा भरायचं. मग गावातल्या जाणत्यांनी ठरवलं, आत पाणी होतंय तर वरचं पाणी तोडा. डॉक्टरांना विचारावं असं कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही. त्याच्या आईला ते बघवेना, म्हणून तिनं पहारा माझ्याकडं दिला. सकाळ-संध्याकाळ एकेक पेला, मधे फार मागितलं तर झाकणभर. त्याचे ओठ फुटले होते, आणि मी त्याच्यासमोर बाटली तोंडाला लावून घटाघटा प्यायचो. चौथ्या खेपेला, सुई पाठीत असतानाच तो म्हणाला, "एक झाकण दे ना, सकाळपासून मागितलं न्हाई." डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "पिण्याच्या पाण्याचा याच्याशी काही संबंध नाही. उगाच तहानेनं मारलं त्याला." सिस्टरनं भरलेला ग्लास त्याच्या हातात दिला. त्यानं तो ओठांपर्यंत नेला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "पिऊ का?" दिवाळीच्या आत तो गेला. त्याची आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ह्याच्याइतकं माझ्या लेकराचं कोणीच केलं न्हाई." मी खाली बघून ऐकून घेतो.