डबक्याच्या बाई

आमच्या बाईंचा हात आधी चालायचा, तोंड मागून. लातूरच्या आमच्या कॉलेजात त्या अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत. मूळच्या नांदेडच्या. डबक्यातलं हिरवं पाणी बाटलीत भरून वर्गात येत, म्हणून सगळे त्यांना 'डबक्याच्या बाई' म्हणत. कुणी सूक्ष्मदर्शकात न बघता पुस्तकातला अमीबा वहीत उतरवला, की डस्टर भिरभिरत यायचं. "हा पुस्तकातला मेलेला हाय. काचेखालचा काय करून राहिला ते सांग!"

माझ्या पाठीतही एकदा धपाटा बसला. डोळ्यांतलं पाणी पुसून मी भिंगाला डोळा लावला, तर तो इवलासा जीव स्वतःचं अंग पुढं ढकलत एका हिरव्या कणाला कवेत घेत होता. "गिळून राहिलाय, बाई!" मी किंचाळले. "मग वरडतीस कशाला? पुढं बघ." आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचं तोंड पाहिलं नव्हतं. माझं शिक्षण त्या धपाट्यापासून सुरू झालं, असं मी आजही मानते.

त्याच वर्षी गणपती बोळवून झोपलेली आमची गावं पहाटेच्या भूकंपात गाडली गेली. किल्लारीजवळच्या आमच्या गावात बाई जीपला लोंबकळत आल्या आणि आमच्याच घराचे दगड उपसायला लागल्या. त्यांची नखं उखडली. माझा धाकटा भाऊ त्यांनीच बाहेर काढला. तो गेलेला होता. त्याला आईच्या मांडीवर ठेवून बाई पुढच्या ढिगाऱ्याकडं वळल्या. कॉलेजात परतल्यावर त्यांनी जीवशास्त्राच्या खोलीतल्या, औषधात बुडवलेल्या बेडकांच्या बरण्या एकेक करून फरशीवर आपटल्या. शिपाई अडवायला गेला, तर त्यालाच ढकललं. "मेलेलं लई बघितलं. आता ह्या खोलीत जितं तेवढंच येईल."

पण त्या खोलीवर संस्थेच्या सचिवांचा डोळा होता. क्लासचं वारं सुटलं होतं. गावोगावची पोरं लातुरात येत होती आणि सराव परीक्षांना जागा पुरत नव्हती. सचिव म्हणाले, "बाई, लोक पोरांना डॉक्टर व्हायला पाठवतात. डबकं बघून कुणाला सीट मिळाली?"

"लोकांना विचारलंत का?"

"विचारू की. पालकसभा घेऊ. लोकांना हवी असेल तर राहील तुमची खोली."

पालकांना एकदा दाखवलं की ते आपल्या बाजूनं उभे राहतील, असं बाईंना वाटलं. बऱ्याच पोरांचे आईबाप आमच्यासारखे पत्र्याच्या शेडांच्या दोन ओळींत राहत होते. बाईंनी तिथं टेबल मांडलं, आरशानं ऊन पकडलं आणि वरच्या ओळीच्या टाकीतलं पाणी काचेवर घेतलं. चूक तिथंच झाली. टँकरवरून दोन्ही ओळींत आधीच धुमसत होतं. खालच्या ओळीतल्या एकानं डोळा लावला आणि बोंब ठोकली, "वरच्यांच्या पाण्यात किडे हायेत!"

"तुमच्याच बादल्यांनी आले आसतील!"

दगड सुटले. बायकांनी घागरी फेकल्या. माझ्या बापाचं डोकं फुटलं. बाईंनी शेडचा बांबू उपसला आणि दोन्ही बाजूंना सारखंच झोडलं. "अरे बैलांनो, दोन्हीकडं तेच हाय! माझ्या पाण्यात बी हाय! एवढी माणसं मेली, तरी भांडायला जीव उरलाय व्हय रे?" सूक्ष्मदर्शक मात्र त्यांनी आधीच माझ्या हातात देऊन मला लांब पळवलं होतं.

पालकसभेत सचिवांनी विचारलं, "डबक्याची खोली कुणाला हवी? हात वर करा."

मग मागून एक हात वर गेला. डोक्याला फडकं बांधलेला माझा बाप उभा राहिला होता.

"काका, तुमचंच डोकं फुटलं ना त्या डबक्यापायी?" सचिव म्हणाले, आणि सभेत हशा पिकला.

"फुटलं की. पर मी आधी बघितलं व्हतं. आमच्या ढिगाऱ्यातून निघालं ते समदं गार पडलेलं. त्या काचंखाली कायतरी हलत व्हतं. उपेग मला म्हाईत न्हाई. राहू द्या तेवढं."

दुसरा हात वर झाला नाही. सचिवांनी "पुढचा विषय" म्हटलं आणि बाईंनी स्टूल उचलून त्यांच्या टेबलाच्या काचेवर घातलं. तुकडे सभाभर उडाले. लोक खुर्च्या पाडत पळाले. बाईंच्या मनगटातून रक्त गळत होतं. तशाच त्या मागं आल्या. बापाचा हात अजून वरच होता.

"मामा, खाली घ्या आता. दुखंल." एवढ्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून त्या नांदेडच्या एसटीत बसल्या. मला म्हणाल्या, "रडलीस तर कानाखाली देईन." पुढं तिकडंच वारल्या. मला उशिरा कळलं.

आज मी जिवंत पेशींची हालचाल टिपते. प्रयोगशाळा सरकारी आहे, म्हणजे लोकांच्या पैशावर चालते. उपयोग काय, हे मलाही विचारतात. मी समजावते. कधीकधी हात शिवशिवतात.

मागं बापाला तिथं घेऊन गेले. पडद्यावर एका पेशीच्या दोन होत होत्या. मधली कंबर बारीक बारीक होत तुटली. बाप खुर्चीच्या कडेवर बसून बघत होता.

"हे तुझ्या बाईंनी बघितलं व्हतं?"

"असं न्हाई, आबा. तेव्हा असली यंत्रं नव्हती आपल्याकडं."

मी पडदा बंद करायला गेले, तर त्यानं माझा हात धरला.

"थांब. त्यांच्या वाटणीचं बघून घेतो."