नागपूर ते जबलपूर, चार हलक्या चाकांसाठी

जायचं ठरलं ते माझ्या कानांमुळे. जरीपटक्यात माझं टायरचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता तिथवर आलो होतो, आणि धंद्यातली निम्मी अक्कल गिऱ्हाइकांच्या आपसातल्या गप्पांतून उचललेली. एक ट्रक ड्रायव्हर ट्यूब बदलून होईस्तोवर क्लीनरला सांगत होता, की जबलपुरात एका मराठी बाईकडे मोटारीची अशी चाकं आहेत, पापडाचा डबा उचलावा तशी एका हातानं उचलतात. मी पाना खाली ठेवला आणि त्याच्यासाठी चहा मागवला. चहावर माणूस पत्ता सांगतो.

चाकं हवी होती मधूला. मधू माझा शाळेपासूनचा मित्र, महालातल्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरचा धाकटा. त्याच्याकडे एक जुनी विलायती गाडी होती, दोघांपुरती, टपाशिवायची. दर हिवाळ्यात ती घेऊन तो मद्रासकडे, जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतीला जायचा. गाडीच्या तारेच्या चाकांचं आयुष्य संपलं होतं. वळणावर जोर पडला की सायकलसारखे आरे तुटायचे. जड लोखंडी चाकं बसवली तर गाडी नांगराला जुंपल्यासारखी चालायची. वर भावांनी सांगून ठेवलेलं, की हा शेवटचा हिवाळा, मग गाडी विकायची आणि दुकानाच्या गादीवर बसायचं. चाकं मिळाली तर एक शर्यत उरली होती, नाही मिळाली तर तीही नाही.

हे सगळं ऐंशीच्या आसपासचं. आज तुम्ही निघालात तर रुंद रस्ता आहे, टोल भरायचा, जंगलाच्या पट्ट्यात वाघ खालून जातो आणि आपण वरून. तेव्हा कन्हानच्या पुलावर समोरून ट्रक आला की तो जाईपर्यंत थांबायचं. आम्ही दिवाळी उलटल्यावर, माझ्या जीपमधून, मागे संत्र्यांची पेटी टाकून पहाटे निघालो. मनसरला चहा घेतला. देवलापारच्या पुढे साग सुरू होतो आणि बोलणं आपोआप कमी होतं. मधूचं मात्र चालूच होतं. इंग्लंडात शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं लावतात, ॲल्युमिनियमपेक्षाही हलकी, गाडी वळणात कशी पाखरासारखी फिरते.

"मॅग्नेशियमचेच असतील ना गा?"

"ड्रायव्हर पापडाचा डबा म्हणे. मॅग्नेशियम नाही म्हणे."

खवासाच्या नाक्यावर कागद दाखवायला वेळ गेला. कुरईच्या घाटात एक ट्रक आडवा झाला होता, तिथे आणखी गेला. शिवनीत पोहे-जिलेबी खाल्ली. थोडक्या पैशांत दोघांचं पोट भरलं. लखनादौनच्या पुढचा रस्ता इतका उखडलेला, की जबलपुरात उतरलो तेव्हा आम्हीच तारेची चाकं झालो होतो. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. जबलपूरची खव्याची जिलेबी काळसर दिसते म्हणून सोडू नका, एवढं माझं ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलबाजारच्या मागे घर सापडलं. दार उघडणाऱ्या बाईंना आम्ही काकू म्हणालो आणि त्या आम्हाला बेटा. तीन पिढ्या जबलपुरात गेलेल्या, त्यामुळे मराठीत हिंदी घोळलेलं. मुलगा प्रकाश, एकुलता एक. त्याच्याकडेही अशीच गाडी होती, तीच धावपट्टी. काविळीनं गेला, त्याला दहाएक वर्षं झाली होती. गाडी साध्या चाकांवर विकली. शर्यतीची चार चाकं बाहेरून आणवलेली, ती काकूंनी ठेवून घेतली. ठेवली कुठे, तर देवघराच्या खोलीत, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून.

एकेक लुगडं सुटलं. चाकं समईसारखी लखलखत होती. मधूनं एक उचललं, खरंच एका हातानं, आणि हसला. त्याच्या लग्नात मी हजर होतो. तेव्हाही तो इतका हसला नव्हता.

"किती जपलीत काकू," तो म्हणाला.

काकू खुलल्या. दर खंडेनवमीला चाकं अंगणात निघतात, समई-घागरीबरोबर चिंच-मिठानं घासून होतात आणि मग हळदीकुंकू. "पितळ हाताला जोर मागतं, बेटा. हे बिचारं चिंच लागली की लगेच फसफसतं. काळं काळं पाणी निघतं, वर्षभराचा मळ." मग म्हणाल्या, "तो होता तोवर हात लावू द्यायचा नाही. आई, याला पाणीपण लावू नको, म्हणायचा. आता अडवणारं कोण आहे?"

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी एक चाक मधोमध धरून बोटाच्या हाडानं ठोकलं. चांगलं चाक बोलतं; कान लावला तर बराच वेळ बोलत राहतं. हे ठप्प वाजून थांबलं. दुसरं तसंच, तिसरं, चौथंही. आतल्या कडेला अंगठा फिरवला तर पांढरी भुकटी आली.

"मधू, हे चाकं गेले गा. चिंचेनं खाल्ले. पयल्याच वळणावर फुटतीन."

 मधूनं हातातलं चाक खिडकीकडे धरलं होतं, आणि त्याच्या काठातून सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार येत होता.

मी व्यापारी माणूस. म्हटलं, बसत नाहीत म्हणून सांगू, चहा पिऊ, निघू. काकू कपबशा घेऊन आल्या तशी मी माप जुळत नसल्याची कुरकुर सुरू केली. त्यांना वाईट वाटलं, पण अडलं नाही. कलकत्त्याचा एक मुलगा केव्हाचा मागे लागलाय, संक्रांतीला येणार आहे, त्याला देईन म्हणाल्या. "माळ्यावर टाकणाऱ्याला द्यायची नाहीत. धावली पाहिजेत, बस."

आता अडलो मी. चाकं सोडून जावं तर तो कलकत्त्याचा कुणाचा तरी मुलगा. सोडायची नसतील तर या बाईला सांगायला हवं की तुम्ही काय घासत होता.

मधूनं चहा संपवला. कप खाली ठेवला.

"बसतात काकू. मीच घेतो."

त्यानं खिशातलं पाकीट तसंच त्यांच्यापुढे ठेवलं. चाकांचे पैसे, मद्रासच्या फेरीचे पैसे, सगळं त्यातच होतं. काकूंनी चाकांवर हळदीकुंकू वाहिलं, मग मधूच्या कपाळाला लावलं. "धावतील ना?"

"धावतील."

परतताना भेडाघाटला गेलो. तुम्हीही जा, संगमरवरी कड्यांतून नाव जाते तेव्हा नावाडी हमखास विनोद करतो आणि आपण हमखास हसतो. त्या दिवशी हसलो नाही. धुवांधारच्या काठावर मी म्हटलं, दे फेकून हे इथंच.

"काहून असा बोलून राहिला? तिनं हातानं घासले गा ते."

"मंग तिले सांगून टाकाचं होतं."

 "तिचा पोरगा एक डाव गेला. आता मी परत नेऊ काय त्याले?"

नागपुरात आलो. मद्रासला तो गेला नाही. पौषात गाडी विकली गेली आणि मधू गादीवर बसला. पुढे भावांबरोबर दुकान कळमन्याला नेलं, चांगलं चालवलं. शर्यतीचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही. आता तो नाही. चाकं माझ्या गोदामात आहेत, हात लावला की कड झडते. या रस्त्यानं मी नंतर पुष्कळदा गेलो. जबलपुरात मुक्काम मात्र केला नाही. कामं आटपून रात्रीच्या आत शिवनी गाठायची.

चाकं आणली त्याच हिवाळ्याअखेर काकूंचा भाचा कामासाठी नागपुरात आला, तो मधूच्या दुकानावर आला होता. मावशीनं विचारायला सांगितलंय म्हणाला, धावली का? मी तिथेच बसलो होतो. मधूनं तराजूवरची नजर न काढता सांगितलं, धावली, तिसरा नंबर आला.

महिन्याभरानं त्याच भाच्याच्या हाती पेढे आले. काकूंनी सगळ्या गल्लीत वाटले होते, हे मधूच्या वाट्याचे. मधूनं दुकानातल्या हमालांना एकेक दिला, मला दिला. शेवटचा स्वतः तोंडात टाकला आणि गिऱ्हाइकाला गव्हाचा भाव सांगितला.