न धुतलेला सदरा

रिठदजवळच्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. शाळेत शिकवायला जाताना तो मला रोज दिसायचा. दर आठ दिवसांनी अंगातला सदरा काढून तुरीतल्या बुजगावण्याला चढवायचा.

मी एकदा गाडी थांबवून विचारलं, "धुतलेला काहून नाही घालत, बाबा?"

"नीलगाय माणसाच्या वासाले भेते, मास्तर. आठ दिवसांत वास उडून जाते."

गेल्या आठवड्यात तो त्या तुरीतच वारला. अंगावरचा सदरा त्याच्या म्हातारीनं न धुता बुजगावण्याला घातला. तेव्हापासून तिथून जाताना मला तिकडे बघवत नाही.

आज आठवा दिवस. नीलगायींचा कळप बांधावर उभा होता, सदऱ्याकडे नाकं करून. मी घाबरून हॉर्न दाबून धरला. एकही हलली नाही, ना मागे, ना तुरीत.