अर्धा गठ्ठा

आमचा गेवराईचा रद्दीवाला तराजू काढायच्या आधी लग्नपत्रिका बाजूला काढतो. गणपतीचं चित्र रद्दीत घालायचं नाही, हा त्याचा नेम. प्रत्येक पत्रिका वाचून विचारतो, "काकू, ही पोरगी कुणाची?" मग गप्पा लांबतात. मुलं पुण्याला गेल्यापासून घरात एवढं बोलणं होतंच कुठे? म्हणून मी, अख्ख्या गोतावळ्याला घर आवरायचे सल्ले देणारी बाई, दोन पेपर घेते आणि वाचत एकही नाही.

परवा त्याने गठ्ठा उचलला. "काकू, घडी बी मोडली न्हाई की."

मी चहा बघायच्या निमित्ताने आत पळाले. बाहेर आले तर अर्धा गठ्ठा तिथंच.

"गाडीत जागा न्हाई. ऱ्हायलेलं पुढल्या ऐतवारी नेतो."

दारातली त्याची हातगाडी रिकामी होती. मीही गंभीर चेहऱ्याने 'बरं' म्हटलं.