गिरगावात मुक्काम

भाचीच्या लग्नासाठी आम्ही गिरगावात परवडेल असा लॉज शोधत होतो. मी, बायको, मुलगी आणि आई. पहिल्या ठिकाणी खोल्या कोंदट होत्या, दुसरीकडे लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे दुखतात. तिसऱ्या लॉजच्या दारात आईच म्हणाली, "इथंच राहू या."

"चौघांना एक फॅमिली रूम पुरेल, एक गादी जास्तीची देतो," मॅनेजर म्हणाला. मग आईकडे वळून त्यानं आपुलकीनं विचारलं, "आजी, मुंबईत पहिल्यांदाच आलात का?"

याच गल्लीत आईनं चाळीस वर्षं संसार केला. बाबा गेल्यावर चाळीतली खोली विकून आम्ही साताऱ्याला गेलो. मी ते सांगणार, एवढ्यात तिनं माझा हात दाबला.

"हो, पहिल्यांदाच," ती म्हणाली.

मग देऊळ कुठल्या वळणावर आहे, भाजी कुठे चांगली मिळते, हे तो तिला समजावत राहिला आणि ती मान हलवत ऐकत राहिली. जिथं आपलं घर होतं तिथं पाहुणं म्हणून यायचं, तर वाटाही दुसऱ्याकडूनच समजून घ्याव्या लागत असतील.

खोलीत उकडत होतं. तरी आईनं गल्लीकडची खिडकी उघडू दिली नाही.