शिवकन्येचा डबल क्लच

बेंबळीत नऊ वाजेपर्यंत बातमी पिकली होती, की दूधवाल्या शिवकन्येनं पाहुण्याच्या विलायती गाडीचा गिअरबॉक्स फोडला. माझ्या दारात पोचेस्तोवर गाडी जळालीसुद्धा होती! सगळं खोटं. मी तिथंच टपरीवर चहा पीत उभा होतो.

शिवकन्या माझी शेजारीण. आठ वर्षं डेअरीचा खटारा टेम्पो हाकते. तोंड असं, की हॉर्न बिघडला तरी तिचं अडत नाही. डेअरीचा नवा टँकर कुणाच्या हाती द्यायचा हे चेअरमन वसंतराव त्याच दिवशी ठरवणार होते, आणि तेही टपरीवरच बसलेले.

कडाक्याची थंडी. मुक्कामाला आलेला इंद्रजित नावाचा पाहुणा पाचशे घोड्यांच्या ताकदीची, हातानं गिअर टाकायची गाडी घेऊन निघाला. पहिला गिअर पडला. दुसऱ्याला कर्रर्र! थांबला, पुन्हा निघाला, पुन्हा कर्रर्र!

टपरीपुढं टेम्पो लावलेल्या शिवकन्येनं जाऊन काच ठोकली. "साहेब, दांडीवर जोर करू नका, दात मोडंल."

"बाई, तुम्ही तुमचा टेम्पो बघा."

"तेच बघून सांगते. एवढी ताकद सोसायची म्हणून गिअर लई जाड केल्यात. जाड चाकाचा वेग लवकर उतरत न्हाय, अन् त्याला आवरणारी पितळी कडी गार तेलात नुसती घसरत्यात. डबल क्लच मारा."

"मला नाही येत." तो चिडून खाली उतरला. "या, दाखवा."

वसंतरावांनी कप खाली ठेवला. दात मोडला तर टँकर गेला, हे टपरीवर सगळ्यांना कळलं. "शिवे, राहू दे गं," मी म्हणालो. ती बसलीसुद्धा. इंद्रजित शेजारी.

गाडी निघाली. पहिल्या गिअरात इंजिन चढत चढत किंचाळायला लागलं, आणि एकदम आवाज पडला.

"मोडला," वसंतराव पुटपुटले.

पण तिनं गिअर मधे सोडून क्लचवरचा पाय उचलला होता, गिअरच्या चाकांचा वेग उतरायची वाट बघत. मग क्लच पुन्हा दाबला. खट्. कर्रर्र नाही, काही नाही. गाडी गुरगुरत पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आणि वळून परत आली.

वसंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "शिवकन्ये, हे शिकलीस कुठं?"

"तीन वर्षं झाली, टेम्पोचा गिअरबॉक्स दुरुस्त करा म्हणतीया, तात्या. तुमी केला न्हाय, म्हणून शिकले."