कोंबड्या निरोगी असल्याचा दाखला

"मॅडम, कोंबड्या एकदम फिट हायत, एवढंच लिहून द्या. बाकीचं मी बघतो."

मी विट्याजवळच्या एका गावात खुराड्यापुढं उकिडवी बसले होते आणि हा हुकूम कोइमतूरहून व्हिडिओ कॉलवर येत होता. संपतरावांचं तिथं सोनं वितळवून शुद्ध करायचं, म्हणजे गलाईचं दुकान. गावी आई गोदाक्का एकट्या, सोबत बारा गावरान कोंबड्या, आणि खुराड्यावर कॅमेरा. पंधरा वर्षं जनावरांची डॉक्टर आहे मी, पण दाखल्यात काय लिहायचं हे मला मालक सांगणार!

"दाखला कशाला हवाय?"

"कोंबड्या निरोगी, खाद्य भरपूर, तरी महिनाभर अंडं न्हाई. मग अंडी जात्यात कुठं? कमल खुराड्यात शिरती आन पदर सावरत बाहेर येती. क्लिप हाय माझ्याकडं. भावकीच्या ग्रुपवर टाकलीया."

माझं डोकंच फिरलं. कमल गोदाक्कांकडं कामाला यायची. नवरा वारलेला, चार घरची कामं करून पोट भरायची. क्लिप फिरली तशी बाकीच्या तीन घरांनीही तिला 'उद्यापासनं येऊ नको' सांगितलं होतं. आता त्या चोरीवर माझी सही हवी होती.

मी एक कोंबडी धरली. शेपटीखाली दोन टोकदार हाडं असतात. कोंबडी अंडी देत असली की त्यांच्या मधे दोन-तीन बोटं सहज बसतात. इथं एक बोट बसेना. तुरा फिका, आकसलेला. मानेवरची पिसं गळून कोवळे कोंब फुटलेले. दुसरी धरली, तिसरी धरली, तेच. कोपऱ्यात पिसांचा हा ढीग! कमलला काढल्यापासून झाडतंय कोण?

"संपतराव, या अंडी देतच नाहीत."

"आजारी हायत?"

"नाहीत."

"मग तसंच लिवा की!"

अरे देवा! मी दात आवळून समजावलं. कोंबडी जुनी पिसं टाकते तेव्हा अंडी बंद करते. खाल्लेलं सगळं नव्या पिसांत जातं. बहुतेक वेळा हे उजेड कमी झाल्यावर होतं. रोज चौदा तास उजेड मिळाला तर ती जोमात अंडी देते. थंडीत दिवस लहान झाला की सुट्टी घेते.

"उजेडाचं मला सांगू नका. कॅमेऱ्यासाठी मोठा लाईट लावलाय, रातभर चालू असतो."

"रात्री चित्र रंगीत दिसतं?"

"आधी दिसायचं. दिवाळीपासनं काळं-पांढरं येतंय. कॅमेरा बिघडलाय."

कॅमेरा कसला बिघडतोय! अंधारात तो काळं-पांढरंच दाखवणार. मी गोदाक्कांकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मीच बंद केला. उजेड डोळ्यावर येतोय, झोप लागत न्हाई."

"आक्का, कमलवर आळ आला तेव्हा बोलला का नाहीत?"

"आवं, लाईटीचा आन अंड्याचा काय संबंध, मला काय ठावं? आन सांगितलं असतं तर हा वरडला असता."

माय-लेकांना कोपरापासून हात जोडावेत असं वाटलं. दाखला मात्र दिला. कोंबड्या निरोगी आहेत, पिसं झडल्यामुळं महिनाभर अंडी बंद आहेत, संक्रांतीनंतर दिवस मोठा झाला आणि नवी पिसं भरली की सुरू होतील. म्हटलं, "हा त्याच ग्रुपवर टाका."

"ग्रुपवर कशाला? कमलला फोन करून सांगतो की."

"क्लिप फोन करून दाखवली होती का?"

संपतरावांनी दाखला टाकला आणि खाली लिहिलं, 'गैरसमज झाला होता.' दुसऱ्या दिवशी कमल दवाखान्यात हजर.

"मॅडम, ह्यो गैरसमज न्हाई. मला चोर म्हटलं त्यांनी. तसं लिवाया सांगा."

मी सांगितलं. दोन दिवस स्वारी रुसली होती. मग लिहिलं, 'कमलला चोर म्हटलं, ती माझी चूक.'

जानेवारी संपताना पहिलं अंडं आलं, पंधरवड्यात निम्म्या कोंबड्या सुरू झाल्या. गोदाक्कांनी हौसेनं फोन केला आणि शेवटी हळूच विचारलं, "कमल कवा येईल वं?"

कमल कामावर परत गेली, पण बाकीच्या तीन घरी. गोदाक्कांकडं ती अजून गेलेली नाही. ती कधी जाईल ते मला सांगता येत नाही.

निरोगी असल्याचा दाखला मागायला कुणी आलं की आता मी जनावर नंतर बघते. आधी विचारते, हा कुणाच्या विरुद्ध वापरणार आहात?